गोळ्यांचा काला

फिट यायच्या आधी मला हसू यायचं. इतरांना म्हणे डोळ्यांपुढे चकाकतं, कुणाला जळका वास येतो, कुणाच्या पोटातून काहीतरी वर चढतं. मला हसू यायचं. समोरची अगदी साधी गोष्ट, तांब्या, दोरीवर वाळत घातलेला परकर, बाबांची मिशी, एकदम इतकी गमतीची वाटायची की पोट धरून हसावं, आणि हसता हसता मी आडवी. त्यामुळे पांढुर्ण्याच्या आमच्या घरात माझ्या हसण्याला सगळे टरकून असायचे. मी खुदकन हसले की आई हातातलं पीठ तसंच टाकून धावत यायची आणि माझ्या पाठीमागे उशी लावायची. पुष्कळदा मी नुसतीच हसत असायची. पण पाठीला उशी लावल्यावर हसू कुठलं टिकतं? हळूहळू घरात माझ्यासमोर कुणी विनोद करेनासं झालं. पाहुणे आले की आई त्यांना दारातच सांगायची, "पोरीपुढं गमतीचं काही बोलू नका बाप्पा." पाहुणे मग अर्धा तास मयताला आल्यासारखे बसायचे, आणि ते पाहूनच मला हसू फुटायचं.

बाराव्या वर्षी हे सुरू झालं आणि विशीपर्यंत गल्लीला त्याची सवय होऊन गेली. आमच्याकडे मिरगी आली की माणसाला चप्पल हुंगवतात. जो जवळ असेल तो आपल्या पायातली काढून पुढे होतो. शुद्धीवर येताना सगळ्यात आधी मला चपलेचा वास कळायचा, आणि डोळे उघडायच्या आधीच कोण धावून आलं ते मी ओळखायची. टायरची चप्पल म्हणजे शेजारचे सुतारकाका, रबराची म्हणजे समोरच्या मावशी. तिगावच्या स्टेशनवर एकदा पडले तेव्हा एका रेल्वे पोलिसाचा बूट नशिबी आला होता. तो मी अजून विसरलेले नाही. बाकीचे इलाजही झाले. कांदा झाला, लोखंडी किल्ली मुठीत देऊन झाली, जामसावळीच्या मारुतीला पाच शनिवार झाले. नागपूरच्या एका डॉक्टरांनी गोळी लावून दिली होती. तिनं फिटा निम्म्यावर आल्या, पण महिन्यातून तीन-चार तरी यायच्याच, आणि दिवसभर डोळ्यांवर झापड असायची ती वेगळीच.

मला शिकवायचं होतं. घरी बसून बी.ए. झाले होते, अक्षर चांगलं होतं, आवाज खणखणीत होता आणि मुलांचा मला कंटाळा येत नसे. गावातल्या एका खासगी शाळेच्या मोठ्या बाईंना जाऊन भेटले. त्यांनी माझे कागद पाहिले, मला चहा दिला आणि सरळ सांगितलं, "सहा महिने फिट आली नाही असं डॉक्टरचं लिहून आण. त्या दिवशी तुला दुसरीचा वर्ग देते. लहान लेकरं आहेत, भिऊन जातील." त्यांचं चुकलं नव्हतं. मला राग आला तो आला, आणि तो यायलाच हवा होता असं मला आजही वाटतं. पण त्या दिवसापासून सहा महिने हे शब्द माझ्या डोक्यात घर करून बसले. तेवढे दिवस न पडता काढायचे, कसेही.

बाबा पोस्टात कारकून होते. एका दुपारी ते घरी आले आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "सौसरले शिबिर लागून राहिलं. मिरगीवाल्यांचं. नागपूरचे डॉक्टर नवीन औषध तपासून पाहून राहिले. त्याईले लोक पाहिजे."

आई म्हणाली, "तपासाले माहीच पोरगी भेटली का?"

"आठ वर्षांपासून आपणही तेच करून राहिलो," बाबा म्हणाले. "फरक इतकाच, की आपण लिहून ठेवलं नाही."

आईला यावर उत्तर सुचलं नाही, आणि आईला उत्तर न सुचणं हा आमच्याकडे होकार धरला जायचा. पुढच्या रविवारी मी आणि बाबा सौसरच्या बसमध्ये बसलो. मोहगावच्या थांब्यावर एक पंचेचाळिशीच्या बाई चढल्या. नऊवारीचा ओचा घट्ट, डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, आणि काखेत एवढा मोठा डबा की कंडक्टरनं त्याचं वेगळं तिकीट मागितलं. त्यावरून त्यांनी मोहगाव ते सौसर कंडक्टरशी भांडण केलं आणि जिंकलं. बसमधून उतरल्यावर कळलं, त्याही तिथेच निघाल्या होत्या. फिट आली तेव्हा चुलीत पडल्या होत्या, म्हणून हाताचे डाग. संत्र्याचा मळा होता घरचा. पुढे त्यांना आम्ही सगळे काकूच म्हणू लागलो.

शिबिर एका शाळेच्या ओसरीवर होतं. रविवार असल्यानं वर्ग रिकामे होते आणि आम्हाला दुसरी-तिसरीच्या मुलांचे बुटके बाक दिले होते. अकरा जण होतो. काही सौसरचे, दोघं लोधीखेड्याहून अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीनं आलेले, काकू मोहगावच्या, मी पांढुर्ण्याची. डॉक्टर नागपूरहून जीपनं आले होते. जाड भिंगांचा चष्मा, बाह्या दुमडलेल्या, आणि बोलणं एकदम सरळ.

"आधीची गोळी बंद करायची नाही," ते म्हणाले. "तिच्या जोडीला रोज आणखी दोन घ्यायच्या, या बाटलीतल्या. निम्म्या बाटल्यांत नवीन औषध आहे. निम्म्या बाटल्यांत दिसायला अगदी तशीच गोळी आहे, पण तिच्यात औषध नाही. खडूसारखी समजा. कुणाला कोणती मिळाली ते तुम्हाला कळणार नाही. मलाही ठाऊक नाही. नागपूरला एका बंद लिफाफ्यात बाटल्यांचे नंबर लिहून ठेवलेत."

इतकं खरं बोलणारा डॉक्टर आमच्यापैकी कुणीच आजवर पाहिला नव्हता.

काकूंनी विचारलं, "म्हंजे तुमालेबी ठाऊक नाही?"

"नाही."

"मंग तुमी डॉक्टर कायचे?"

मला जे हसू फुटलं ते आवरेना. बाबांचा हात सवयीनं माझ्या पाठीमागे गेला. पण मी पाहिलं तर बाकावरचं दुसरं कुणीही हललं नव्हतं. कुणी उठलं नाही, कुणी चप्पल काढली नाही. काकूंनी बाबांचा हात चक्क बाजूला केला. "हसू द्या ना तिले भाऊ. पडली त पडली. इथं कोन पडत नाही?" आठ वर्षांत पहिल्यांदा मी माझं हसू शेवटपर्यंत हसले. शेवटी डोळ्यांत पाणी आलं आणि उचकी लागली. डॉक्टरही हसले. मी पडले नाही.

फॉर्म इंग्रजीत होता, त्यावरचा शिक्का हिंदीत, आणि समजावणं मराठीत. मनात येईल तेव्हा बाहेर पडता येईल, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आम्ही सह्या केल्या, काहींनी अंगठे लावले. प्रत्येकाला एक वही मिळाली. फिट कधी आली, किती वेळ होती, पडलात का, लागलं का, हे त्यात लिहायचं. अकरापैकी सात जणांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी घरी भिंतीवर कोळशानं रेघा ओढायच्या, लक्षात ठेवायचं, आणि महिन्यातून एका रविवारी शिबिर भरलं की मला सांगायचं, असं ठरलं. मी त्या बाकाची कारकून झाले. आमच्या घरात ते रक्तातच होतं.

आणि मग काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. फिट आलीच नाही. पहिला आठवडा गेला, आई म्हणाली, दृष्ट लावू नका. दुसरा गेला. महिना गेला. सौसरला जाऊन मी माझ्या वहीचं कोरं पान डॉक्टरांसमोर ठेवलं तेव्हा ते कोरं पान मला माझ्या बी.ए.च्या सर्टिफिकेटापेक्षा भारी वाटलं. दुसरा महिनाही तसाच गेला. मी हसत सुटले. दूध उतू गेलं, हसले. बाजारात एका बकरीनं भाजीवालीची मेथी पळवली, मी तिथेच कोपऱ्यात उभी राहून हसले, आणि तिथून चालत घरी आले, माझ्या पायांनी. बाबांनी आठ वर्षांनी एक विनोद सांगितला. फार वाईट विनोद होता. पोस्टमन आणि कुत्र्याचा. आम्ही तिघंही तो ऐकून लोळलो. आईची उशी फडताळात गेली. मी आरशासमोर उभी राहून दुसरीच्या मुलांना पाढे शिकवायला लागले. चार महिने उरले होते.

बाकावर मात्र वेगळीच खळबळ चालली होती. सौसरचे एक शेठजी आमच्यात होते, कापसाच्या व्यापारातले. त्यांची फिट फार सभ्य होती. ते पडत नसत, बोलता बोलता मध्येच गप्प होऊन अर्धा मिनिट समोर बघत राहत, आणि मग त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागत. कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला वाटायचं, शेठजींना भाव पटला नाही. तो घाबरून आपणच भाव उतरवायचा. त्यामुळे बरं व्हावं की नाही याबद्दल शेठजींच्या मनात थोडी चलबिचल होती, आणि ते तसं मोकळेपणानं सांगत. तर या शेठजींचा एक दावा होता. सरकी दाताखाली धरली की ती कोणत्या शिवारातली ते आपण सांगतो, मग गोळीचं काय घेऊन बसलात? शिबिराच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी सगळ्यांच्या बाटल्यांतली एकेक गोळी दाताखाली धरून चाखली, डोळे मिटून. मध्ये एकदा ते थांबले, तेव्हा चव घेतायत की फिट आली हे कुणाला कळेना. मग निकाल सांगितला. "या पोरीची असली. कडू लागून राहिली. काकूची नकली, हे पक्कं."

काकूंना आठवड्यातून दोनदा फिट येत होती, शिबिराच्या आधी येत होती तितकीच. मला एकही नव्हती. निकालावर शंका घ्यायला जागाच नव्हती. मी खाली मान घालून वही लिहीत बसले. मला आतून आनंद झाला होता, आणि काकूंकडे बघवत नव्हतं, हेही खरं.

शिबिराच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे दोन महिन्यांनी, ते घडलं. त्या आठवड्यात मोहगावला सप्ता संपला होता. सप्त्याच्या शेवटी आमच्याकडे काला होतो. घरोघरची शिदोरी, लाह्या, दही, भाकरी, लोणचं, जे येईल ते एकत्र कालवायचं आणि सगळ्यांना सारखं वाटायचं. श्रीमंताच्या घरचं काय आणि गरिबाच्या घरचं काय, मिसळलं की एक. काकू त्या काल्याचा प्रसाद आणि एक मोठी पितळी परात घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी आम्हाला महिन्याच्या नव्या बाटल्या दिल्या, वह्या पाहिल्या, आणि दुसऱ्या कामासाठी जीपमधून निघून गेले. बाबा सौसरच्या एका जुन्या मित्राकडे गेले होते. आम्ही अकरा जण शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली परातीभोवती जेवायला बसलो. सगळ्यांनी आपापले डबे परातीत पालथे केले. ठेचा, भाकरी, संत्र्याच्या फोडी, लाह्या, सगळं.

जेवण होऊन परात धुतल्यावर काकूंनी ती मध्ये ठेवली. पदरानं पुसली. आणि माझ्याकडे बघून नाही, सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "एक सांगू का? आपल्यातल्या निम्म्यांच्या बाटलीत औषध आहे, निम्म्यांच्या बाटलीत खडू. हे काही बराबर नाही. आपण काला करू."

कुणीतरी विचारलं, डॉक्टर काय म्हणतील.

"डॉक्टरले ठाऊक नाही कोनाची कोनती. आपल्याले ठाऊक नाही. काल्यातबी कोनाच्या घरची भाकर कोनाच्या तोंडात गेली, ठाऊक नसतेच. मंग मिसळवलं त बिघडलं काय?"

या बोलण्यात चूक कुठे आहे हे बी.ए. झालेल्या मला शोधता आलं नाही. शेठजी म्हणाले, हिशेब बराबर आहे, सगळ्यांना अर्धं-अर्धं औषध तरी पोचेल. एकेकानं बाटली उघडून परातीत ओतली. खणखण असा आवाज, पितळेवर गारा पडल्यासारखा. माझी पाळी आली तेव्हा मी बाटली धरून बसले. माझी असली होती. दोन महिने झाले होते, चार राहिले होते. मला दुसरीचा वर्ग दिसत होता. मनात आलं, उठावं, बसची वेळ झाली म्हणून सांगावं आणि निघून जावं. तेवढ्यात काकूंच्या मनगटावरचे डाग दिसले. काकू माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी बाटली उपडी केली. मनापासून केली असं मी म्हणणार नाही. लाजेखातर केली.

त्यानंतर आम्ही जी मजा केली ती सांगून खरी वाटणार नाही. काकूंनी दोन्ही हातांनी गोळ्या कालवल्या, वरच्या खाली, खालच्या वर. लोधीखेड्याच्या एकानं सप्त्यात म्हणतात तसं गोविंदा गोविंदा सुरू केलं. सहाशे साठ गोळ्या होत्या. मी मोजत होते, आणि दर वेळी शंभराच्या आसपास कुणीतरी काही बोलायचं आणि मी हसून आकडा विसरायची. तिसऱ्या वेळी शेठजींनी कामगिरी आपल्याकडे घेतली, आणि सत्त्याऐंशीवर थांबून अर्धा मिनिट समोर बघत राहिले. सगळे श्वास रोखून बसले. "अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले आणि पुढे चालू. शेवटी प्रत्येकाच्या बाटलीत मोजून साठ गेल्या. बाटल्यांवरचे नंबर जिथल्या तिथे राहिले. कुणालाही सांगणार नाही अशी शपथ सगळ्यांनी निंबाला हात लावून घेतली. बाबांनाही मी सांगितलं नाही.

तेवीस दिवसांनी, भर दुपारी, आई सुपात तांदूळ पाखडत होती. एक चिमणी सुपाच्या कडेवर येऊन बसली आणि आईकडे मान वाकडी करून पाहू लागली. मला हसू आलं. दोन महिन्यांत मी इतकी हसले होते की आईला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तीही हसू लागली. आम्ही दोघी त्या चिमणीला हसत होतो आणि मी हसता हसता पाट्यावर पडले. कपाळ फुटलं. शुद्धीवर आले तेव्हा आई माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. "मी हसत बसली," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मले वाटलं तू हसून राहिली. मी नुसती हसत बसली माय." माझ्या जखमेपेक्षा मला तेच जास्त लागलं. मी आईवर चिडले, शपथेवर चिडले, काकूंवर, परातीवर, सगळ्यांवर चिडले.

वही काढली. पेन हातात घेतलं. बाबा दाराशी उभे होते. सरकारी कागदावर कधी खाडाखोड न करणारा माणूस. ते हळूच म्हणाले, "नाही लिहिलं त? एकच तर आली. तीनच महिने राहिले होते पोरी." मी लिहिलं नाही. ती ओळ कोरी ठेवली. पट्टी लपावी म्हणून कपाळावर केस ओढून घेतले आणि रविवारी सौसरच्या बसमध्ये बसले.

डॉक्टरांनी माझी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "तीन महिने," ते म्हणाले. "बाबा सांगत होते, शाळेसाठी तुम्हाला चिठ्ठी लागणार आहे. आजच देतो, तीन महिन्यांची. पुढची तीन महिन्यांनी." त्यांनी कोरा कागद घेतला. बाबा माझ्या शेजारी बसून त्या कागदाकडे बघत होते. डॉक्टरांनी माझं वय लिहिलं. गाव लिहिलं. मग लिहिलं की या रुग्णास तीन महिने. मला वाटलं होतं, गप्प बसणं सोपं असेल. नव्हतं. तो माणूस पहिल्या दिवशी आम्हाला म्हणाला होता, मला ठाऊक नाही. आणि आता माझ्यामुळे तो ठाऊक असल्यासारखं लिहीत होता.

"थांबा," मी म्हणाले. केस मागे केले. "मागच्या मंगळवारी आली. मी लिहिली नाही."

त्यांनी पट्टी पाहिली. चिठ्ठीचा कागद त्यांनी चार तुकडे करून फाडला, रागानं नाही, शांतपणे. दुसरीचा वर्ग मला पुढे मिळाला, पण त्याला आणखी दोन वर्षं लागली. त्या क्षणी मात्र तो वर्ग माझ्यासमोर चार तुकड्यांत पडला होता. मला वाटलं, संपलं, आता याहून वाईट काही नाही. पण डॉक्टर विचारात पडले. "म्हणजे दोन महिने उत्तम गेले आणि मग गुण उतरला," ते स्वतःशीच म्हणाले. "हे नागपूरला कळवायला हवं. औषधाचा गुण टिकत नसेल तर ते बंदच करतील." आणि ते माझ्या वहीवर तसं लिहायला वाकले.

मी मागे वळून पाहिलं. दहा जण बुटक्या बाकांवर मान खाली घालून बसले होते, गृहपाठ न केलेल्या मुलांसारखे. कुणीच मला मान हलवून हो म्हटलं नाही. कुणी नाहीही म्हटलं नाही.

"त्या गोळ्या माझ्या नव्हत्या," मी म्हणाले. "म्हणजे सगळ्या माझ्या नव्हत्या. आम्ही काला केला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कशाचा?"

"गोळ्यांचा. परातीत."

"सगळ्यांच्या?"

"अकरा जणांच्या."

मागून काकूंचा आवाज आला, थोडा अभिमानानंच. "बराबर वाटल्या साहेब. एकालेबी कमी-जास्त नाही दिली. शेठजीनं मोजल्या."

डॉक्टरांनी चष्मा टेबलावर ठेवला. त्यांचे खांदे हलू लागले. ते रडतायत की हसतायत ते आम्हाला कळेना. दोन्ही असावं. मग ते बोलले, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं असं वाटण्याइतके हळू बोलले. आमच्या अकरा वह्या आता कामाच्या राहिल्या नाहीत. दूर कुठेतरी कुणीतरी आई आपल्या मुलाला ही गोळी द्यायची की नाही ते या वह्यांवरून ठरवणार होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या बाकावर आमच्याशिवाय आणखी कुणीतरी बसलेलं होतं. मी लाजेनं लाल झाले. काकूंनी पदर तोंडाला लावला. "आमाले वाटलं, औषध आपलंच आहे," त्या म्हणाल्या. त्यात लबाडी काडीची नव्हती, आणि ते डॉक्टरांनाही कळलं असावं. "पुढच्या महिन्यात येतो," एवढं बोलून ते जीपमध्ये बसले. ते परत येतील असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

पण ते आले. बरोबर लिफाफा आणला होता. आमचे कागद असेही बाद झाले होते, तेव्हा आमचे नंबर उघडायला त्यांना परवानगी मिळाली होती. काल्याच्या आधीचे दोन महिने कुणाच्या बाटलीत काय होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं. शेठजी, साधी गोळी. काकू, औषध. मी कान देऊन ऐकत होते. मी, साधी गोळी.

"पुन्हा वाचा," बाबा म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचलं. साधी गोळी. खडू.

काकू आधी हसल्या. "म्हंजे असली माह्याजवळ होती, अन् मी इची असली समजून हिच्याजवळून वाटून घेऊन राहिली होती?" मग सगळा बाक हसला. शेठजींच्या जिभेबद्दल जे काही बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेठजींनी मान्य केलं की सरकीची गोष्ट वेगळी आणि गोळीची वेगळी. मी मात्र हसले नाही. मला अपमान वाटला. दोन महिने खडू खाऊन मी बकऱ्यांना हसत फिरत होते. मी डॉक्टरांना विचारलं, "मग माझ्या फिटा खोट्या आहेत का?"

"मुळीच नाही," ते म्हणाले. "कपाळावरचा वण खोटा आहे का? फिटा कधी कधी काही दिवस आपोआप थांबतात. कधी माणसाला धीर आला की थांबतात. काकूंना औषध होतं तरी थांबल्या नाहीत. का, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणून तर खडू ठेवावा लागतो."

मग त्यांनी नव्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं, नवे नंबर, नव्या बाटल्या, आणि यावेळी ज्याची बाटली त्यानंच खायची. यायचं नसेल तर नाही आलात तरी चालेल. काकूंनी आधी अंगठा लावला आणि परात घरीच ठेवीन असं वचन दिलं. बाबांनी माझ्या हातातला फॉर्म धरून ठेवला. "अन् पुन्हा खडूच निघाला त?" त्यांनी विचारलं.

"निघू शकतो," डॉक्टर म्हणाले.

बाबा माझ्याकडे पाहू लागले. शाळेचे सहा महिने पुन्हा शून्यापासून मोजायचे होते, तेही कदाचित खडूवर. मी त्यांच्या हातातून फॉर्म घेतला आणि सही केली. ते दोन महिने त्या नव्या औषधाचे नव्हते. ज्या डोक्यानं मला आठ वर्षं पाडलं, त्याच डोक्यानं दोन महिने मला उभं ठेवलं होतं, आणि ते त्याला जमतं हे आता शिक्क्यानिशी कागदावर होतं.